कॅरीबॅगांची बसकरं : कोणती पिशवी घ्यावी, कशी कापावी, किती टिकतात?

रेवती_ठाणे :
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतल्या काही जणींनी ठरवलंय की घराघरांत साठलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांची बसकरं विणायची आणि जवळच्या अंगणवाडीला द्यायची. तिथली फरशी गार असते, आणि पावसाळ्यात सतरंजी एकदा ओली झाली की आठवडाभर वाळत नाही. प्लास्टिकचं बसकर ओल्या फडक्यानं पुसलं की पुन्हा बसायला तयार.

पिशव्यांना तोटा नाही. दारामागे टांगलेली पिशव्यांची पिशवी प्रत्येकीकडे आहे. क्रोशा आमच्यातल्या तिघींना चांगला येतो, बाकीच्या कापायला बसतील. पण सगळ्या पिशव्या सारख्या नाहीत हे हाताला जाणवतंय. काही विणताना तुटतात, काहींना वास येतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा : कोणत्या घ्यायच्या, पट्टी किती रुंद, आणि लहान मुलांसाठी हे ठीक आहे ना?

मुक्तछंद्या :
छान धागा. वाचनखूण साठवली. प्रकाशचित्रं टाका!

शालिनीमावशी_सांगली :
रेवती, सविस्तर सांगते. मी हे बरीच वर्षं करतेय.

पिशव्या आधी धुऊन पूर्ण वाळवायच्या. आत ओल राहिली तर विणीतून कुबट वास जात नाही. मग पिशवी सपाट अंथरून खालचा चिकटवलेला जोड नि वरचे बंद कापून टाकायचे. उरलेल्या नळकांड्याच्या चार-चार सेंटीमीटरच्या आडव्या पट्ट्या कापायच्या. पट्टी उघडली की कडं होतं. आपण रबरबँड एकात एक अडकवतो तसं एक कडं दुसऱ्यात घालून हळू ओढायचं. हिसका मारला की पातळ पिशवी तिथंच तुटते.

पिशवी चाळीस सेंटीमीटर रुंद असेल तर दहाएक कडी निघतात, म्हणजे साधारण साडेतीन मीटर दुहेरी दोरा. नळकांडं तिरकं, गोल गोल कापत गेलं तर सलग आठेक मीटरची एकेरी फीत निघते आणि गाठी टळतात, पण ती सुईवर ताणली जाऊन मध्येच बारीक होते. बसकराला दुहेरीच बरा.

सुई ८ किंवा १० मिलिमीटरची घ्या. लोकरीच्या बारीक सुईनं मनगट भरून येतं. सगळे मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड घट्ट टाके, घाला. साध्या खांबांत भोकं पडतात नि पोरांची बोटं अडकतात. गोल करायचं तर सहा मुक्या खांबांनी सुरुवात, मग दर फेरीला सहा वाढवायचे. कडा वाटीसारखी वर यायला लागली तर वाढ कमी पडतेय, लाटा पडल्या तर जास्त होतेय.

दीपाली_कोथरूड :
मावशी, हे इतकं नेमकं मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं. सुरुवातीची साखळी सैल ठेवायची की घट्ट?

शालिनीमावशी_सांगली :
सैल. प्लास्टिक लोकरीसारखं मागं येत नाही. साखळी घट्ट झाली की दुसऱ्या ओळीला सुई आत शिरतच नाही. आणि उन्हाळ्यात हाताला घाम असला की दोरा सुईला चिकटतो, तेव्हा सुईला किंचित टाल्कम पावडर लावायची.

पॉलिमरचा_माणूस :
माझी सगळी नोकरी प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात झाली, म्हणून कोणती पिशवी घ्यायची त्याबद्दल लिहितो.

पिशवी मुठीत चुरगळून बघा. कुरकुर आवाज करणारी, पातळ, भाजी-फळांना मिळते ती एचडीपीई. मऊ, फारसा आवाज न करणारी, ताणली की थोडी लांबणारी ती एलडीपीई. दोन्ही पॉलिथिलीनच्याच जाती : पहिली जास्त घनतेची, दुसरी कमी. कपड्यांच्या दुकानांतल्या जाड पिशव्या बहुधा ह्या प्रकारच्या, आणि दुधाची पिशवीही ह्याच घराण्यातली.

तुमचा दोरा का तुटतो ते ऐका. पातळ एचडीपीई फिल्म यंत्रातून ओढली जाताना तिच्यातले रेणू एका दिशेला लागतात आणि त्या दिशेनं ती सरळ फाटत जाते. पिशवीत ही दिशा वरून खाली असते. तुम्ही आडवी पट्टी कापता तेव्हा फाटण्याची रेघ पट्टीला आडवी पडते, त्यामुळे पट्टी टचकन तुटते. म्हणून कुरकुरीत पिशवीची पट्टी रुंद घ्या, सहा सेंटीमीटर तरी. मऊ पिशवीला मावशींनी सांगितलेले चार सेंटीमीटर पुरतात. एकाच बसकरात दोन्ही मिसळू नका, ताण वेगवेगळा बसतो.

वासाबद्दल. काळ्या पातळ पिशव्या बहुतेक वेळा मिश्र भंगारापासून पुन्हा गाळलेल्या मालाच्या असतात. त्या मुलांच्या वस्तूत अजिबात नकोत. ज्या छपाईचा रंग ओल्या फडक्याला उतरतो तीही नको. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्या बाजूला काढा. त्या विरण्यासाठीच केलेल्या असतात, त्यांची वस्तू टिकणार नाही.

आणि ऊन. अतिनील किरणांनी पॉलिथिलीनच्या साखळ्या तुटत जातात. गॅलरीत उन्हात पडून राहिलेली पिशवी हात लावला की चुरा होते, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. बसकरं सावलीतच वाळवा.

भटक्या_विमुक्त :
पॉलिमरदादा, _/\_. दारामागची पिशव्यांची पिशवी म्हणजे आमच्या आजीची गंगाजळी. आता तिच्यावर व्याज मिळणार!

नदीकाठ :
रेवतीताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण मला ह्या सगळ्याच हस्तकलेबद्दल गंभीर आक्षेप आहे आणि तो मांडतो.

२६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा गटारं तुंबवण्यात ह्या पिशव्यांचा वाटा होता. त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. मग २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना, २३ जूनपासून प्रत्यक्ष दंड. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. एवढं असूनही आज कुठल्याही मंडईत जा, पिशवी मिळते. आणि आपण तिची पायपुसणी विणून मनाची समजूत घालतो की पिशवीचं काहीतरी चांगलं झालं. त्या समजुतीमुळे पुढची पिशवी घेताना हात आखडत नाही, हे माझं म्हणणं.

दुसरं, वस्तू झिजते तेव्हा तिचे बारीक कण सुटतात. पायपुसणं तर घासण्यासाठीच असतं. शेवटी ते कचऱ्यात जाणारच, आणि तेव्हा त्याला भंगारवालाही हात लावणार नाही.

शुभदा_इचलकरंजी :
नदीकाठ यांना अनुमोदन. मी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून भाजीवाल्या मावशींना देते. पिशवी घरात येऊच नये ह्यासाठी कष्ट घ्यावेत.

रेवती_ठाणे :
नदीकाठ, मुद्दा पटतो. आमच्यातल्या प्रत्येकीनं आधी ठरवलंय की ह्या कामासाठी एकही नवी पिशवी घ्यायची नाही. साठलेल्या संपल्या की काम संपलं. पण साठलेल्यांचं आज काय करायचं, हा प्रश्न उरतोच. त्या ओल्या कचऱ्यासोबत गेल्या तर थेट डंपिंगला.

अनघा_वेचक :
इथे थोडं लिहायला हवं. मी पुण्यात कचरावेचक महिलांसोबत काम केलंय. पुण्यात ह्या कष्टकरी बायांची संघटना १९९३ पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. त्या बायांकडून शिकलेली गोष्ट अशी, की वस्तू उचलली जाणार की नाही हे तिच्या वजनावर आणि स्वच्छतेवर ठरतं. पातळ कॅरीबॅग वजनाला काहीच नाही, त्यात आमटी-भाजीनं माखलेली. दिवसभर वाकून वेचल्या तरी हातात पैसे येत नाहीत, म्हणून त्या पडून राहतात. दुधाची पिशवी जाड, एकजात आणि धुवायला सोपी, म्हणून तिला भाव आहे.

म्हणून माझं मत : धुतलेल्या दूध-पिशव्या कलाकुसरीत वापरू नका, त्या बायांना द्या. त्यांचा रोजगार आहे तो. दूध काढताना कोपरा पूर्ण कापून टाकू नका, तुकडा पिशवीला लटकता ठेवा. सुटा तुकडा कुणालाच वेचता येत नाही. हस्तकलेसाठी घ्यायच्या त्या ज्यांना भंगारात किंमत नाही अशा पातळ पिशव्या.

आणि नदीकाठ, शेवटी भंगारवाला हात लावणार नाही हे वस्तू कशी केली त्यावर आहे. गरम गोंद, आतून अस्तर, चेन, मणी, चकाकी लावली की ती मिश्र वस्तू झाली, तिचं काहीच होत नाही. नुसत्या एकाच जातीच्या प्लास्टिकचं, बिनगोंदाचं बसकर उसवलं तर पुन्हा पट्ट्याच हातात येतात.

पॉलिमरचा_माणूस :
अनघाताईंचा शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी पुन्हा वाचा. एक वस्तू, एक प्लास्टिक.

जाता जाता : ती कापडासारखी दिसणारी, बारीक ठिपक्यांचा ठसा असलेली पिशवी कापडी नाही. पॉलिप्रॉपिलीन ह्या दुसऱ्या प्लास्टिकचे तंतू उष्णतेनं दाबून केलेली आहे. लोक ती पर्यावरणस्नेही म्हणून जमवतात.

मुक्तछंद्या :
काय सांगता! आमच्याकडे तसल्या तीसेक पिशव्या लग्नाच्या अहेरातून आल्यात.

कोल्हापुरी_ठसका :
अहेर म्हणताय तर रुखवत आठवा की! आमच्या लहानपणी वायरच्या पिशव्या, वायरची बुट्टी, दुधाच्या पिशव्यांच्या घड्या घालून केलेली चटई, सलाइनच्या नळीचे मासे, सगळं रुखवतात मांडलेलं असायचं. आईनं विणलेली लाल-पांढऱ्या वायरची पिशवी आजबी बाजाराला जाते. बंद दोनदा बदललेत, बाकी पिशवी ठणठणीत.

शेतावर तर खताच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतल्याशिवाय पावसात भांगलण व्हायची नाही. कोपरा आत दुमडला की झाली खोळ. त्याला कुणी कला म्हटलं नाही, पण डोकं नि पाठ कोरडी राहायची.

शालिनीमावशी_सांगली :
वायरच्या पिशवीची ती चौकटीची गाठ अजून हातात आहे माझ्या. शिकायची असेल तर वेगळा धागा काढते.

दीपाली_कोथरूड :
काढाच मावशी!

विनय_न्यूजर्सी :
इथलं चित्र वेगळं आहे. न्यूजर्सीत ४ मे २०२२ पासून दुकानांतून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या, मोठ्या किराणा दुकानांत कागदीसुद्धा. त्यामुळे आता घरपोच किराणा मागवला की दर वेळी पॉलिप्रॉपिलीनच्या ‘पुन्हा वापरायच्या’ पिशव्या येतात, नि त्यांचाच ढीग झालाय. पॉलिमरदादांनी लिहिलंय तेच.

पण चांगली गोष्ट सांगतो. अमेरिकेत ठिकठिकाणी ज्येष्ठ मंडळी चर्चमध्ये, वाचनालयात जमून पिशव्यांच्या दोऱ्यातून बेघर लोकांसाठी झोपायच्या चटया विणतात. एका चटईला पाचशे ते सातशे पिशव्या लागतात. जमिनीची ओल वर येत नाही, वजनाला हलकी, गुंडाळून खांद्याला अडकवता येते, ढेकूण-उवा कापडात बसतात तशा तीत बसत नाहीत. मी माझ्या आईला एकदा घेऊन गेलो होतो. तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण सुई हातात आल्यावर शेजारच्या आजींना ती मुका खांब शिकवत होती.

वैदेही_म्हापसा :
विनय, किती छान! आईंना नमस्कार सांगा.

सुलभा_वाचनवेडी :
पिशव्यांच्या क्रोशाची गोष्ट निघाली की मला गांबियातल्या इसातू सीसे यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. पश्चिम आफ्रिकेतला हा चिमुकला देश. त्यांच्या न्जाऊ गावात लोक पिशव्या घरामागे टाकून देत. त्या खाऊन शेळ्या-गुरं मरत, साचलेल्या पाण्यात डास होत, आणि बायका चूल पेटवायला प्लास्टिक जाळत. १९९७ मध्ये इसातूंनी गावातल्या काही बायकांना सोबत घेऊन पिशव्या गोळा करायला, धुवायला, पट्ट्या कापून क्रोशानं पर्स विणायला सुरुवात केली. लोक हसत, कचरा चिवडणाऱ्या बायका म्हणत. पण पर्स विकल्या जाऊ लागल्या, बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला. पुढे २०१५ मध्ये गांबियानं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली.

नदीकाठ, मला तुमच्या आक्षेपाचं उत्तर ह्यात दिसतं. विणणाऱ्या बायकांनाच सगळ्यांत आधी कळलं की पिशवी गावात येऊ नये. जिनं शेकडो पिशव्या हातानं धुतल्यात ती नवीन घेताना दहा वेळा विचार करते.

नदीकाठ :
सुलभाताई, हे उदाहरण माहीत नव्हतं. धुणाऱ्या हाताला कळतं, हे मान्य. माझा विरोध शोभेच्या वस्तूंना आहे : प्लास्टिकची फुलं, तोरणं, मखरं. त्यावर धूळ बसली की चार दिवसांत बाहेर. अंगणवाडीच्या बसकराला तो लागू होत नाही.

वैदेही_म्हापसा :
तोरणांबद्दल सहमत.

शोभेपलीकडे जायचं तर हातमाग बघा. कच्छमध्ये भुजजवळ कुकमा इथे ‘खमीर’ संस्था आहे, तिथे पिशव्या धुऊन, रंगानुसार निवडून, पट्ट्या कापून हातमागावर विणतात. प्लास्टिक आडव्या धाग्यात. कापड घट्ट, चकचकीत, आणि रंग पिशवीचेच. पुण्यात ‘रीचरखा’ आणि ‘इकोकारी’ हेच काम चरखा आणि हातमाग वापरून करतात. चरख्यावर पट्टी कांडीवर भरायची आणि मग विणायची. रंगाची निवड हीच त्यातली खरी कला आहे. जवळून पाहिलं तर एखाद्या निळ्या पट्ट्यात दुकानाच्या नावाचं अर्धं अक्षर दिसतं.

प्रथमेश_आर्ट :
मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. आम्ही पिशव्या वितळवून जाड पत्रे करतो. कुणाला हवं असेल तर पद्धत : सहा ते आठ थर एकावर एक, छपाई आतल्या बाजूला, वर-खाली बटर पेपर, इस्त्री मध्यम आचेवर आणि सतत फिरती. एका जागी थांबली की भोक. प्लास्टिक आकसतं, म्हणून हव्या त्या मापापेक्षा मोठं घ्यायचं. थंड होईपर्यंत वर जड पुस्तक ठेवायचं, नाहीतर कडा वळतात. त्या पत्र्यांच्या पिशव्या, वहीची कव्हरं मशीनवर शिवता येतात. दिल्लीत ‘कॉन्झर्व्ह इंडिया’नं ह्याच कल्पनेवर, वेगळा रंग न घालता, पिशव्या दाबून पत्रे केले आणि त्यांच्या हँडबॅगा परदेशात गेल्या.

पॉलिमरचा_माणूस :
प्रथमेश, खिडक्या उघड्या ठेवून आणि पंखा लावूनच. धूर दिसायला लागला म्हणजे आच जास्त झाली, लगेच थांबा. पॉलिथिलीन ११० ते १३० अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळतं, त्याच्या वर नेण्याची गरजच नाही. पीव्हीसी ह्या वेगळ्या प्लास्टिकची वस्तू चुकूनही इस्त्रीखाली घालू नका. मुलांना हे काम एकट्यानं देऊ नका.

आणि ह्यातून तव्याखालचं, कुकरखालचं काहीही करू नका. दिवाळीला आकाशकंदील केला तर आत एलईडीच, पणती नाही. हे प्लास्टिक पेटलं की थेंब थेंब जळत खाली पडतं.

भटक्या_विमुक्त :
कुकरखालचं विचारणारच होतो, टायमिंग जबरदस्त.

जयश्री_सेविका :
मी अंगणवाडी सेविका आहे, मूळ प्रश्नावर येते. रेवतीताई, बसकरं आम्हाला खरंच उपयोगी पडतात. पण काही गोष्टी लक्षात घ्या.

आमची मुलं तीन ते सहा वर्षांची. जे सुटं दिसेल ते ओढतात, तोंडात घालतात. म्हणून दोऱ्याची टोकं खालच्या बाजूनं चांगली चार-पाच खांबांत ओवून मगच कापा, टोक वर येऊ देऊ नका. झालर, गोंडे, बटणं काही नको. प्रत्येक बसकर वेगळ्या रंगाचं असेल तर फार छान, कारण मुलं आपापला रंग ओळखून जागेवर बसतात, आम्हाला रंग शिकवायलाही उपयोग होतो. आकार दीड फुटाच्या आत ठेवा, आमची खोली लहान आहे आणि एकावर एक रचून ठेवता आली पाहिजेत.

एक आणखी. गुळगुळीत फरशीवर प्लास्टिक सरकतं. मुलं बसकरावर उभी राहून घसरगुंडी करतात. त्याचं काही करता येईल का?

शालिनीमावशी_सांगली :
जयश्री, हे तुझ्याशिवाय कुणी सांगितलं नसतं. शेवटची फेरी दुहेरीऐवजी चौपदरी दोऱ्यानं नि सैल घालायची, म्हणजे कडेला जाड वळी येते नि फरशीला धरते. ओलं फडकं फिरवून वाळवलेल्या फरशीवर घसरण कमी होते. रबराचं कापड खाली चिकटवू नका, अनघानं सांगितलंय ते आठवा.

रेवती_ठाणे :
सगळ्यांचे मनापासून आभार. आता आमचं ठरलं : काळ्या आणि रंग उतरणाऱ्या पिशव्या बाद. दुधाच्या पिशव्या कचरावेचक ताईंना. मऊ आणि कुरकुरीत वेगळे ढीग, पट्टी चार आणि सहा सेंटीमीटर. गोंद नाही, गोंडे नाहीत, टोकं खालून ओवलेली. प्रत्येक मुलाला वेगळा रंग. जयश्रीताई, तुमच्या सूचनेनुसार पहिली दोन करून आमच्या अंगणवाडीत महिनाभर वापरायला देणार, घसरतात का ते तिथल्या ताईंना विचारूनच पुढची विणू.

नदीकाठ :
पिशव्या धुवायला आणि कापायला माणसं लागतील ना? मीही ठाण्यातच असतो. रविवारी सकाळी येऊ शकतो.

रेवती_ठाणे :
नक्की या. व्यक्तिगत निरोप करते.

कोल्हापुरी_ठसका :
पावाची नि फरसाणाची पिशवी चालते का ओ?

पॉलिमरचा_माणूस :
पावाची पारदर्शक पिशवी बघून घ्या. मऊ, ताणली जाणारी असेल तर चालेल. काचेसारखी कडक नि चुरचुरीत असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची, चिरत जाते, नको. फरसाणाची आतून चंदेरी असलेली पिशवी थर चिकटवून केलेली असते, ती ह्या ढिगात घालू नका.